मोठे चित्र लहान करताना

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात आम्ही एक माहितीपट दाखवला होता, तो पुष्कळांना आठवत असेल. गावातल्या एका वृद्ध विणकरावर तो होता. लांबी वीस मिनिटे, खर्च जवळजवळ शून्य आणि उत्साह मात्र दहा माहितीपटांना पुरेल एवढा! कॅमेरा उसना आणला होता. पण होता उत्तम, ज्याला '४के' म्हणतात त्या प्रतीचे चित्रण करणारा. मागावर बसलेले आजोबा, इकडून तिकडे धावणारा धोटा आणि त्यांच्या हातून उतरणारे बारीक चौकडीचे कापड, हे सारे कॅमेऱ्याने इतके स्वच्छ टिपले होते की संगणकावर एकेक धागा मोजून घ्यावा.

सभागृहातल्या पडद्यावर मात्र भलतेच घडले. चौकडी जागेवर राहीना. आजोबांनी कापड जरा हलवले की त्यावरून मुंग्यांची रांग चालल्यासारखे वाटे. मध्येच चौकडी नाहीशी होऊन त्या जागी तिरप्या, रुंद लाटा उमटत. आजोबा पाहुणे म्हणून पहिल्या रांगेत बसले होते. कार्यक्रम संपल्यावर आम्ही त्यांच्या पाया पडायला गेलो. त्यांनी पाठीवरून हात फिरवला आणि हळूच म्हणाले, "सगळं झकास केलंत रे पोरांनो. पण ते कापड काही माझं नाही. माझ्या हातून अशी चौकड कधी गेली नाही."

त्या दिवशी मिळालेल्या टाळ्या आम्ही विसरलो, हे वाक्य मात्र विसरता आले नाही. ज्या माणसाच्या हातातले कसब दाखवण्यासाठी एवढा खटाटोप केला, त्याच्याच नावावर आम्ही एक खोटे कापड खपवले होते. चूक कॅमेऱ्याची नव्हती आणि प्रोजेक्टरची तर फारच थोडी होती. मूळ चित्रण आजही स्वच्छ आहे. चूक झाली होती संकलनाच्या शेवटच्या टप्प्यावर, मोठे चित्र लहान करताना. ती कशी झाली आणि कशी टाळता येते, हे पुढच्या वर्षी कॅमेरा हाती घेणाऱ्या मित्रमैत्रिणींना कळावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच. आपण कला शाखेचे, आकड्यांना भिणारे. पण इथले गणित चौथीच्या वर्गापलीकडचे नाही.

ठिपक्यांचे कापड

पडद्यावरचे चित्र हे ठिपक्यांची रांगोळी असते. या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. आपण ठिपकाच म्हणू. सर्वसाधारण ४के चित्रात आडवे ३८४० आणि उभे २१६० ठिपके असतात, म्हणजे एकूण सुमारे ८३ लाख. 'फुल एचडी' चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २१ लाख. त्याहून लहान असे जे १२८० गुणिले ७२० चे चित्र, त्यात जेमतेम ९ लाख २२ हजार. तेव्हा ४के चित्राचे फुल एचडी करायचे म्हणजे चार ठिपक्यांच्या जागी एक ठेवायचा आणि ७२० ओळींचे करायचे म्हणजे नऊ ठिपक्यांच्या जागी एक.

आम्ही नेमके हेच दुसरे केले होते. पेनड्राइव्हवर फाइल मावेना आणि कार्यक्रम सुरू व्हायला तास उरला होता. कुणीतरी सुचवले की चित्र लहान करा. एका मोफत प्रणालीत 'सर्वांत जलद' असा पर्याय दिसला, तो आम्ही आनंदाने निवडला. नऊ ठिपक्यांतला एक ठेवताना उरलेल्या आठांचे काय करायचे, हा प्रश्नच आमच्या मनात आला नाही. यंत्राच्याही मनात आला नाही, कारण 'जलद' या शब्दाचा अर्थच मुळी तो प्रश्न न विचारणे असा होता.

सारांश कसा लिहू नये

शाळेत आपण सारांशलेखन केले आहे. उतारा दिलेला असतो आणि त्याचा एक तृतीयांश सारांश करायचा असतो. आता समजा, एखाद्या महाभागाने उताऱ्यातला दर तिसरा शब्द उचलून ओळीने लिहून काढला. लांबी अगदी बरोबर एक तृतीयांश भरेल! शब्दही सगळे मूळ लेखकाचेच. पण गुरुजी काय म्हणतील, ते सांगायला नको. सारांश लिहिणाऱ्याने आधी सगळा उतारा वाचायचा असतो. प्रत्येक वाक्याचा काही ना काही अंश त्याच्या चार ओळींत उतरला पाहिजे.

सर्वांत जलद पद्धत दर तिसरा ठिपका उचलते आणि मधले दोन न वाचताच फेकून देते. भिंत, आकाश, कपाळ अशा सपाट भागांत हे खपून जाते, कारण तिथे शेजारी ठिपके सारखेच असतात. खरी परीक्षा बारीक तपशिलाची: कापडाची वीण, विटांचा बांध, कौलांच्या रांगा, केसांच्या बटा, पोथीतली बारीक अक्षरे.

समजा, आमच्या एका दृश्यात कापडावर पडद्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गडद आणि फिक्या रेघांच्या १२०० जोड्या होत्या. ३८४० ठिपक्यांत त्या मावतात. प्रत्येक जोडीच्या वाट्याला तीनहून थोडे अधिक ठिपके येतात. आता दर तिसरा ठिपका उचला. ठिपके उरले १२८०. पहिला ठिपका गडद रेघेवर पडला, तर पुढचा जवळजवळ पुढच्या जोडीच्या गडद रेघेवर पडतो; पण अगदी तिथेच नाही, किंचित अलीकडे. त्याच्या पुढचा आणखी किंचित अलीकडे. असे सरकत सरकत सोळा ठिपक्यांनी तो पुन्हा गडद रेघेच्या मध्यावर येतो. म्हणजे पडद्यावर दिसतात १२८० भागिले १६, म्हणजे ८० रुंद पट्टे. १२०० बारीक रेघा गेल्या आणि कुणी कधी विणले नव्हते असे ८० पट्टे कापडावर आले. कापड जरासे हलले की हे पट्टे धावू लागतात. आमच्या मुंग्या त्या ह्याच!

तपशिलाचा तोतया

या प्रकाराला इंग्रजीत जो शब्द आहे, त्याचा अर्थ खोटे नाव धारण करणे असा होतो. आपल्याकडे त्याहून नेमका शब्द तयार आहे: तोतया. पानिपतच्या १७६१ च्या लढाईनंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया निघाला आणि पुष्कळांना तो खरा वाटला, हे आपण इतिहासात वाचतो. बारीक तपशिलाचेही तसेच आहे. तो लहान चित्रात मावत नाही. पण मुकाट्याने निघूनही जात नाही. रुंद पट्ट्यांचे सोंग घेऊन तो परत येतो आणि आपण त्यालाच खरे कापड समजतो.

हा तोतया आपल्या ओळखीचा आहे. मच्छरदाणीचे दोन पदर एकमेकांवर आले की त्यांत लाटा दिसतात, त्या याच जातीच्या. दूरचित्रवाणीवर मुलाखतीला जाणाऱ्याला बारीक रेघांचा वा चौकडीचा सदरा घालू नका असे सांगतात, तेही याचसाठी. चित्रपटात पुढे धावणाऱ्या गाडीची चाके उलटी फिरताना दिसतात. तिथे ठिपक्यांच्या ऐवजी क्षण गाळले गेलेले असतात, एवढाच फरक.

कोणता तपशील मावेल आणि कोणता तोतया होईल, याचा नियम १९२८ साली हॅरी नायक्विस्ट यांनी तारायंत्राच्या संदर्भात मांडला आणि १९४९ साली क्लॉड शॅनन यांनी तो पक्क्या गणिती पायावर उभा केला. आपल्या कामापुरते त्याचे तात्पर्य असे: गडद-फिक्या रेघांच्या प्रत्येक जोडीला दोनांहून अधिक ठिपके हवेत. १९२० ठिपक्यांच्या चित्रात ९६० च्या आतच जोड्या मावतील, १२८० च्या चित्रात ६४० च्या आत. आमच्या १२०० जोड्या दोन्हीकडे मावणार नव्हत्या. त्यांना दारातच थांबवायला हवे होते.

चाळणी

थांबवायचे म्हणजे काय करायचे? तर ठिपके गाळण्यापूर्वी आधी मिसळायचे. नऊ ठिपक्यांतून एक करायचा असेल, तर नऊही जणांचे मत घेऊन त्यांची सरासरी नव्या ठिपक्यात ठेवायची. मग न मावणाऱ्या रेघा शांतपणे एकमेकींत विरतात आणि कापड त्या जागी मध्यम छटेचे दिसते. वीस हातांवरून आपण तेच कापड पाहिले तर आपल्या डोळ्यालाही तसेच दिसते. यात तपशील गेला हे खरे. पण त्याच्या जागी खोटे काही आले नाही. तपशील मावत नसेल तर त्याला विरू द्यावे, सोंग घेऊ देऊ नये; या सगळ्या शास्त्राचे सार एवढेच आहे.

मिसळण्याच्या रीती अनेक आहेत आणि संकलनाच्या प्रणालींत त्या निरनिराळ्या नावांनी समोर येतात. फरक असतो तो कोणत्या शेजाऱ्याचे किती ऐकायचे, यात. 'निअरेस्ट नेबर' ही पद्धत एकट्या जवळच्या ठिपक्याचे ऐकते. आमची जलद पद्धत तीच. सरासरीची साधी पद्धत आपल्या वाट्याच्या सगळ्यांचे सारखेच ऐकते. ती विश्वासू, पण थोडी मऊ. 'बायक्युबिक' पद्धत जवळच्यांचे जास्त आणि लांबच्यांचे कमी ऐकते, इतकेच नव्हे तर काही लांबच्यांचे मत थोडेसे वजा करते. त्यामुळे कडा उठून दिसतात. तिचे प्रचलित गणित रॉबर्ट कीज यांनी १९८१ साली मांडले. हंगेरीत जन्मलेले गणिती कॉर्नेलियस लँचोस यांच्या नावाची पद्धत आणखी लांबपर्यंत विचारपूस करते. तिने रेखीवपणा उत्तम राहतो. पण गडद कडेच्या बाजूला कधी कधी एक फिकी किनार उमटते, काळ्या फळ्यावरच्या अक्षराभोवती पुसलेल्या खडूची राहावी तशी.

येथे एका मुंबईकराची आठवण करणे उचित ठरेल. मुंबईत जन्मलेले आणि तेथील आयआयटीत शिकलेले अरुण नेत्रावळी पुढे अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजचे अध्यक्ष झाले. २००१ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. १९८८ साली डॉन मिचेल यांच्याबरोबर त्यांनी या चाळण्यांवर एक निबंध प्रसिद्ध केला. फार मिसळले तर चित्र धूसर होते, कमी मिसळले तर तोतये शिरतात, कडा फार उठवल्या तर किनारी उमटतात. या तिहींच्या मधला मार्ग कोणता? नुसते समीकरण मांडून ते थांबले नाहीत. त्यांनी पाहणाऱ्या माणसांना नमुने दाखवले आणि कोणता दोष कुठे खुपतो, हे विचारून आपली निवड केली. ती चाळणी आजही दोघांच्या नावाने वापरली जाते. शेवटचा निवाडा डोळ्याने करायचा असतो, हे एका अभियंत्याने मान्य करावे, ही आपल्यासारख्या कलाविद्यार्थ्यांना सुखावणारी गोष्ट नव्हे काय?

सरासरी कशाची?

येथे एक बारीक खोच आहे. संगणक प्रत्येक ठिपक्याची उजळता ० ते २५५ अशा आकड्यांत लिहितो. पण २५५ च्या निम्मा जो १२८, तो पडद्यावर निम्मा प्रकाश देत नाही; नेहमीच्या संगणकीय पडद्यावर तो सुमारे २२ टक्केच देतो. निम्म्या प्रकाशासाठी आकडा १८८ च्या आसपास लागतो. तेव्हा काळ्या-पांढऱ्या रेघांच्या आकड्यांची थेट सरासरी काढली, तर कापड खऱ्यापेक्षा काळवंडते. आधी आकड्यांचा प्रकाश करावा, प्रकाशाची सरासरी काढावी आणि मग तिचा पुन्हा आकडा करावा, ही योग्य रीत. काही प्रणालींत त्यासाठी वेगळी सोय असते. लग्नघरावरच्या दिव्यांच्या माळा, पाण्यावरची चमक, काळ्या पार्श्वभूमीवरचा पांढरा मजकूर अशा दृश्यांत तिचा फरक लगेच डोळ्यांत भरतो.

लहान करण्यात लाभही आहे

एवढे वाचून कुणी म्हणेल, मग ४के मध्ये चित्रण करायचेच कशाला? सरळ फुल एचडीच घ्यावे. पण तसे नाही. नीट लहान केलेले चित्र पुष्कळदा मुळातच लहान घेतलेल्या चित्रापेक्षा सरस ठरते.

पहिले कारण रंगाचे. बहुतेक कॅमेऱ्यांतला प्रत्येक प्रकाशबिंदू एकच रंग मोजतो. निम्मे हिरवा मोजतात, पाव तांबडा आणि पाव निळा. कोडॅकमधील ब्राइस बायर यांना १९७६ साली या मांडणीचे पेटंट मिळाले. प्रत्येक ठिपक्याचे उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरले जातात. चारांचा एक ठिपका केला की त्याच्या वाट्याला एक तांबडे, एक निळे आणि दोन हिरवे अशी प्रत्यक्ष मोजमापे येतात. अंदाजावरची भिस्त कमी होते. शिवाय जागा वाचवण्यासाठी बहुतेक कॅमेरे उजळता प्रत्येक ठिपक्याची, पण रंग चार ठिपक्यांत मिळून एकच नोंदवतात. निम्म्या मापावर आणल्यावर प्रत्येक ठिपक्याला स्वतःचा रंग मिळतो.

दुसरे कारण अंधाराचे. कमी उजेडातल्या चित्रणात जो दाणेदार खरखरीतपणा येतो, तो ठिपक्यागणिक स्वैर असतो. चार ठिपक्यांची सरासरी घेतली की तो साधारण निम्मा होतो. आजोबांच्या माजघरातली दृश्ये आम्हांला यामुळेच वापरता आली.

कामाची रीत

आता प्रत्यक्ष कृतीविषयी थोडक्यात.

चित्र एकदाच लहान करावे. ४के वरून ७२०, मग प्रोजेक्टरसाठी पुन्हा मोठे, असे हेलपाटे घातले की प्रत्येक वेळी काही ना काही सांडते. आणि एकदा सांडलेले चित्र मोठे केल्याने परत येत नाही. दाखवायचा पडदा कोणत्या मापाचा आहे, हे आधी विचारून घ्यावे.

संकलन करताना संगणक जड झाला, तर मूळ चित्रणाच्या हलक्या नकला करून त्यांवर काम करावे. मात्र अंतिम प्रत काढताना मूळ चित्रणच जोडले आहे ना, हे पाहावे. काही प्रणालींत सारख्या दिसणाऱ्या दोन आज्ञा असतात. प्रीमियर प्रोमध्ये 'स्केल टू फ्रेम साइज' ही आज्ञा मोठे चित्र आधीच लहान करून टाकते, म्हणून पुढे त्यात जवळ जाता येत नाही. 'सेट टू फ्रेम साइज' मूळ ठिपके राखून ठेवते.

प्रमाण मोडू नये. सिनेमाच्या ४के चे माप ४०९६ गुणिले २१६० असते. त्याची रुंदी १९२० वर आणली तर उंची भरते १०१२.५. ती १०८० पर्यंत ताणली की माणसे उंचाडी दिसू लागतात. वरखाली काळी पट्टी ठेवावी किंवा बाजूंनी थोडे कापावे, ताणू मात्र नये.

तपासणी शंभर टक्के मापावर करावी. खिडकीत मावेल असे करून पाहतो तेव्हा संगणक ते चित्र घाईघाईने आणखी एकदा लहान करत असतो आणि नसलेला दोष दिसतो किंवा असलेला झाकला जातो. मूळ चित्रणातच लाटा दिसत असतील, तर त्या कॅमेऱ्यात शिरलेल्या तोतयाच्या आहेत. त्यांना नंतर हाकलणे फार कठीण. तिथे थोडे जवळ जाऊन किंवा कोन बदलून पुन्हा चित्रण करणेच बरे.

कडा उठवायच्या असतील तर लहान केल्यानंतर आणि जेवणातल्या मिठाएवढ्याच उठवाव्यात. फाइल आवळण्याचे काम सर्वांत शेवटी आणि एकदाच करावे.

पुन्हा आजोबांकडे

हे सगळे समजल्यावर आम्ही तो माहितीपट मुळापासून पुन्हा बांधला. लांबून घेतलेल्या दृश्यांत चौकडी मावत नव्हती. तिथे नीट चाळून चित्र फुल एचडी केले. कापड शांत, एकसंध दिसू लागले. पण नुसते शांत कापड दाखवून आजोबांचे कसब कसे कळणार? तेव्हा जिथे वीण दाखवायची होती, तिथे चित्र लहान केलेच नाही. ३८४० ठिपक्यांच्या चौकटीतला १९२० गुणिले १०८० एवढा तुकडा आहे तसा उचलला. ठिपक्याला ठिपका, ना कमी ना जास्त. जणू कॅमेरा दोन पावले पुढे सरकला. मूळ चित्र मोठे असल्याचा हा सर्वांत मोठा उपयोग.

परीक्षा संपल्यावर एका संध्याकाळी आम्ही लॅपटॉप घेऊन आजोबांकडे गेलो. लॅपटॉपचा पडदा फुल एचडीच होता, म्हणून मुद्दाम तोच नेला. त्यांनी चष्मा पुसला, पडदा गुडघ्यांजवळ ओढून घेतला आणि काही न बोलता पाहत राहिले. जवळचे दृश्य आले तशी त्यांनी थांबवायला सांगितले. पडद्यावर बोट टेकवून म्हणाले, "हे बघ, इथं."

आमच्या पोटात गोळा आला. "काय झालं आजोबा? पुन्हा चुकलं का?"

"तुमचं कशाला चुकेल? ताण्याचा धागा तुटला होता त्या दिवशी. गाठ मारून पुढं विणलं होतं मी. बाजारात कुणाच्या नजरेला यायची नाही ती." मग जरा थांबून, हसून म्हणाले, "दिसतेय बरं का. हे कापड माझं."